कोसालाइट ओळखताना या चुका टाळा

नाशिक-सिन्नर भागातल्या दगडांच्या संग्राहकांना एक मोठी सोय आहे. आपल्याकडच्या खाणीतून निघालेला स्टिल्बाइट किंवा अपोफिलाइटचा चांगला नमुना परदेशी संग्राहकाला पाठवला, की बदल्यात त्याच्याकडचं काहीही मागता येतं. अशा अदलाबदलीतून इथल्या कपाटांत अधूनमधून एक वेगळाच पाहुणा येतो. पांढऱ्या क्वार्ट्‌झमध्ये रुतलेल्या शिशासारख्या राखाडी सुया, धातूसारखी चकाकी आणि सोबतच्या चिठ्ठीवर नाव, ‘कोसालाइट’.

कोसालाइट हे शिसे, बिस्मथ आणि गंधक यांचं दुर्मीळ खनिज आहे. त्याच्या सूत्रात शिशाचे दोन, बिस्मथचे दोन आणि गंधकाचे पाच अणू असतात. मेक्सिकोतल्या सिनालोआ राज्यातल्या कोसाला या जुन्या चांदीखाणींच्या गावावरून फ्रेडरिक गेंथ या रसायनशास्त्रज्ञाने १८६८ साली त्याला हे नाव दिलं. मोह्सच्या एक ते दहा या मापावर काठिण्य अडीच ते तीन, म्हणजे तांब्याच्या नाण्याने ओरखडा उठेल इतकं मऊ. विशिष्ट गुरुत्व (म्हणजे पाण्याच्या किती पट जड) मात्र ६.९च्या आसपास, त्यामुळे छोटा खडासुद्धा हाताला जड लागतो.

झिओलाइटच्या, म्हणजे बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढणाऱ्या स्टिल्बाइटसारख्या खनिजांच्या, मुलखात वाढलेल्या संग्राहकाकडून या खनिजाच्या बाबतीत काही ठरावीक चुका होतात. आपण ज्या पद्धतीने दगड ओळखायला शिकलो, त्या पद्धतीतच त्यांचं मूळ आहे.

आपल्याच खाणीत ते शोधणं

पांडवलेणीच्या बाजूला, सिन्नरकडे किंवा विहिरीच्या खोदकामात काळी चकचकीत सुई दिसली, की फोटो काढून ‘हे कोसालाइट असेल का?’ असं विचारणारे बरेच असतात. उत्तर जवळजवळ नेहमीच ‘नाही’ असं असतं, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे.

कोसालाइट तयार होतं ते प्रामुख्याने ग्रॅनाइटसारख्या आम्लधर्मी खडकांशी नातं असलेल्या गरम द्रावणांतून. अशी द्रावणं भेगांत शिरून क्वार्ट्‌झच्या शिरा तयार करतात, किंवा चुनखडीला भिडून स्कार्न नावाचा खडक घडवतात. त्यांच्याबरोबर बिस्मथ, टंगस्टन, मॉलिब्डेनम, शिसे आणि तांबं येतं. म्हणून कोसालाइटच्या शेजारी गॅलेना (शिसे आणि गंधक यांचं साधं खनिज), चाल्कोपायराइट, पायराइट, नैसर्गिक बिस्मथ, कधी शीलाइट किंवा फ्लुओराइट दिसतात. आपला काळा पत्थर हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा दख्खनचा बेसाल्ट. त्याच्या पोकळ्यांत नंतर झिरपलेल्या पाण्याने कमी तापमानाला झिओलाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट आणि क्वार्ट्‌झ घडवले. त्या पाण्याने कोसालाइट घडवण्याइतकं शिसे आणि बिस्मथ एकत्र आणलेलं नाही.

यावर एक अभ्यासू शंका निघते. नाशिक भागातून पॉवेलाइट निघालेलं आहे, तेही जगभरच्या संग्राहकांनी डोक्यावर घ्यावं असं. पॉवेलाइट म्हणजे कॅल्शियम मॉलिब्डेट. मग बेसाल्टमध्ये मॉलिब्डेनम सापडू शकतं, तर बिस्मथ का नाही? प्रश्न रास्त आहे. पण पॉवेलाइट हे ऑक्सिजनयुक्त खनिज आहे, सल्फाइड म्हणजे गंधकयुक्त खनिज नव्हे. पोकळीतल्या पाण्यात जे थोडंसं मॉलिब्डेनम होतं, ते मुबलक कॅल्शियमबरोबर बसलं. कोसालाइटला मात्र शिसे आणि बिस्मथ दोन्ही भरपूर लागतात, आणि त्यांना बांधून ठेवणारं गंधकही लागतं. आपल्या पोकळ्यांतली काळी चमक बहुधा लोहाच्या किंवा मँगनीजच्या ऑक्साइडची असते. खडकातच बसलेले काळे कण असतील तर आधी लोहचुंबक लावून पाहा. मॅग्नेटाइट असेल तर लगेच कळेल.

डोळ्यांनी नाव ठरवणं

ही सर्वांत मोठी चूक, आणि ती करण्याची सवय आपल्याला झिओलाइटनेच लावली आहे. स्टिल्बाइटची मध्ये आवळलेल्या पेंढीसारखी जुडी, अपोफिलाइटचा टोकाशी मोत्यासारखा चमकणारा चौकोनी खांब, स्कोलेसाइटच्या सुयांचा पंखा ही रूपं एकदा मनात बसली की दहापैकी नऊ वेळा नजर चुकत नाही. शिसे-बिस्मथच्या सल्फाइडांच्या घरात मात्र नजर जवळपास निरुपयोगी ठरते.

याचं कारण स्फटिकाच्या आतल्या रचनेत आहे. या कुळातल्या बहुतेक खनिजांच्या रचनेत एका दिशेने तेच तेच एकक सुमारे ४ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) इतक्या छोट्या अंतराने पुन्हा येतं. स्फटिक त्याच दिशेने भराभर लांबतो, म्हणून कोसालाइट असो, लिलियानाइट असो, गॅलेनोबिस्मुटाइट असो की बिस्मुथिनाइट, सगळ्यांच्या सुया किंवा पट्ट्याच होतात. रंग सगळ्यांचा शिशासारखा ते पोलादासारखा, कस (घासल्यावर उमटणारी रेघ) काळा, चकाकी धातूची. जुना नमुना असेल तर वर पिवळट किंवा इंद्रधनुषी थर चढलेला असतो आणि तो सगळ्यांवर सारखाच दिसतो.

मग हातातल्या साधनांनी काहीच करता येत नाही का? येतं, पण त्याने नाव ठरत नाही, काही नावं फक्त बाद होतात. स्टिब्नाइट म्हणजे अँटिमनीचं सल्फाइड, विशिष्ट गुरुत्व ४.६च्या आसपास. जेमसनाइट ५.६ आणि बुलँजेराइट ६.२च्या जवळ. हे दोन्ही शिसे-अँटिमनीचे आहेत आणि कोसालाइट म्हणून सर्रास विकले जातात. सुट्टा, शुद्ध स्फटिक असेल तर वजनाचा काटा आणि पाण्याची वाटी एवढ्यावर हे तिन्ही वगळता येतात. पण बिस्मुथिनाइट ६.८ आणि गॅलेनोबिस्मुटाइट ७.०च्या घरात असल्यामुळे कोसालाइटला त्यांच्यापासून वेगळं करणं काट्याला जमत नाही. शिवाय सुया क्वार्ट्‌झमध्ये रुतलेल्या असतील तर क्वार्ट्‌झचं २.६५ हे गुरुत्व सगळं गणित खाली ओढतं. अख्ख्या खड्याचं गुरुत्व काढून ‘फारच हलका आहे, म्हणजे कोसालाइट नाही’ असा निष्कर्ष काढू नका.

गॅलेना मात्र भिंगाखाली ओळखू येतो. तो काटकोनी पायऱ्यांमध्ये फुटतो आणि कोसालाइट तसं फुटत नाही. हे एकच लक्षण मनाशी पक्कं ठेवलं तरी पुढचा बराच गोंधळ टळतो, कारण हे दोघे वारंवार एकाच खड्यात एकमेकांना चिकटून असतात.

सुईवर ओरखडा काढून काठिण्य तपासू नका. सुई मोडते आणि हाती काही लागत नाही. जुन्या पुस्तकांतली फुंकनळीची परीक्षाही घरी करू नका. कोळशावर पोटॅशियम आयोडाइड आणि गंधकाबरोबर तापवलं की बिस्मथ विटेसारखा लाल थर देतो आणि शिसे पिवळा. परीक्षा खरी आहे, पण तिच्यात शिशाची वाफ आणि गंधकाचा धूर निघतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत धूर बाहेर टाकणाऱ्या कपाटाखाली, शिक्षक सोबत असतील तरच करावी. स्वयंपाकघरातल्या गॅसवर तर कधीच नको.

ठिकाण हरवलेली चिठ्ठी गोड मानून घेणं

नुसतं ‘कोसालाइट, युरोप’ लिहिलेल्या नमुन्यासाठी चांगला अपोफिलाइट देऊ नका. या कुळात ठिकाणाला मोठं महत्त्व आहे. कुठल्या खाणीत कुठली खनिजं सिद्ध झाली आहेत हे माहीत असलं, तर शक्यता वीस-पंचवीसवरून दोन-तीनवर येतात.

कोसालाइटसाठी पहिलं ठिकाण अर्थातच मेक्सिकोतलं कोसाला. मग स्वीडनच्या वेर्मलांड प्रांतातलं नॉर्डमार्क. तिथल्या ब्येल्के खाणीतल्या खनिजाला एकेकाळी ‘ब्येल्काइट’ असं स्वतंत्र नाव होतं, ते पुढे कोसालाइटच निघालं. पण याच नॉर्डमार्कमधल्या को खाणीतून १८७८ साली गॅलेनोबिस्मुटाइट पहिल्यांदा वर्णन केलं गेलं. म्हणजे चिठ्ठीवर नुसतं ‘नॉर्डमार्क’ असेल तर दोन भावंडांतला कोण, हा प्रश्न तसाच राहतो. खाणीचं नाव हवंच.

रोमानियातल्या नमुन्यांची अडचण वेगळी. पूर्वी हंगेरीच्या ताब्यात असलेल्या भागांतल्या चिठ्ठ्यांवर हंगेरियन नावं असतात. रेझबान्या म्हणजे आजचं बिहोर जिल्ह्यातलं बैत्सा, आणि वाश्को म्हणजे आजचं ओक्ना दे फिएर. चिठ्ठीवर एक नाव आणि नकाशावर दुसरं दिसलं म्हणून ती खोटी समजून फेकू नका. जुनी चिठ्ठी तशीच ठेवा आणि नवं नाव शेजारी स्वतंत्र कागदावर लिहा. कझाकस्तानातलं कारा-ओबा हे टंगस्टनचं खाणक्षेत्र, तिथलं कोसालाइटही संग्राहकांच्या बाजारात येतं.

इटलीचं व्हल्कानो बेट हा सगळ्यांत सुंदर आणि सगळ्यांत फसवा पत्ता आहे. सिसिलीच्या उत्तरेला असलेल्या या बेटावरच्या ज्वालामुखीचा शेवटचा उद्रेक १८८८ ते १८९० या काळात झाला. त्यानंतरही ला फोसा विवरातून तप्त वायू बाहेर पडत राहिले, आणि त्या वायूंतून थेट, मध्ये द्रव न होता, शिसे-बिस्मथची सल्फाइडं स्फटिकरूपाने खडकावर बसतात. भेगेच्या तोंडाशी पातळ, आरशासारख्या पात्या उगवतात. सिसिलीतच जन्मलेल्या स्तानिस्लाओ कॅनिझारो या थोर रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचं कॅनिझाराइट हे खनिज इथूनच १९२५ साली वर्णन केलं गेलं. गॅलेनोबिस्मुटाइट, लिलियानाइट आणि हेरोव्स्कीआइट हीसुद्धा इथे सापडली आहेत. तेव्हा व्हल्कानोची चिठ्ठी असलेल्या लवचीक, चकचकीत पातीवर कोणी ‘कोसालाइट’ लिहून दिलं, तर आधी कॅनिझाराइट आणि गॅलेनोबिस्मुटाइट यांचा विचार करा. क्वार्ट्‌झच्या शिरेतली सुई आणि ज्वालामुखीच्या धुरातली पाती यांच्या जन्मकथाच वेगळ्या आहेत.

यंत्राचा अर्धाच निकाल वाचणं

‘मशीनमध्ये टाकून पाहिलं, शिसे आणि बिस्मथ दोन्ही आले’ हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: किती प्रमाणात, आणि कुठल्या मशीनमध्ये?

आधी सराफ बाजारातल्या यंत्राबद्दल. सोन्याची शुद्धता क्ष-किरणांनी तपासणारं एक्सआरएफ यंत्र सहज उपलब्ध असतं म्हणून काही जण त्याच्यात खडा ठेवतात. ते सोन्या-चांदीच्या मिश्रधातूंसाठी बेतलेलं असतं. त्याने दाखवलेल्या टक्केवारीवर सल्फाइड खनिजाचं नाव ठरवता येत नाही. चांगलं एक्सआरएफ यंत्रसुद्धा काही मिलिमीटर रुंदीचा भाग एकदम मोजतं, म्हणून सुईबरोबर शेजारचा गॅलेनाही मोजला जातो.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला जोडलेलं ईडीएस हे त्याहून बरंच चांगलं साधन. इलेक्ट्रॉनचा झोत पडल्यावर प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक ऊर्जेचे क्ष-किरण, म्हणजे आपल्या ‘रेषा’, सोडतं आणि त्यांवरून ते ओळखलं जातं. पण या खनिजांसाठी त्यात एक खोड आहे, आणि ती माहीत नसेल तर निकाल बिनकामाचा ठरतो. गंधकाची मुख्य रेषा २.३१ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते, शिशाची एक जोरदार रेषा २.३४ला आणि बिस्मथची २.४२ला. ईडीएसच्या नजरेला या तिन्ही एकाच उंचवट्यात मिसळलेल्या दिसतात. संगणक मग अंदाजाने वाटणी करतो आणि कधी बिस्मथ गायब करतो, तर कधी गंधक फुगवतो. साध्या गॅलेनाच्या अहवालात नसलेलं बिस्मथ उगवतं तेही यामुळेच. उपाय आहे. शिशाची दुसरी रेषा १०.५५ला आणि बिस्मथची १०.८४ला येते, आणि या दोन वेगळ्या ओळखता येतात. मात्र त्या उठवण्यासाठी इलेक्ट्रॉनच्या झोताला पुरेसा जोर लागतो. म्हणून तपासणी करणाऱ्याला नमुना देतानाच सांगा की किमान २० किलोव्होल्ट ठेवा आणि शिसे-बिस्मथ वरच्या रेषांवर मोजा. काही रुपये जास्त पडले तरी तरंगलांबीवर मोजणारं प्रोब विश्लेषण मिळत असेल तर तेच घ्या.

आता प्रमाण. शिसे आणि बिस्मथ आवर्तसारणीत शेजारी शेजारी बसतात, क्रमांक ८२ आणि ८३, आणि त्यांचे अणुभारही जवळजवळ सारखे, २०७ आणि २०९. त्यामुळे वजनाच्या टक्क्यांचं गुणोत्तर म्हणजेच अणूंचं गुणोत्तर, असं समजून चालतं. हे फार उपयोगी पडतं. कोसालाइटमध्ये शिसे ४१.७ टक्के, बिस्मथ ४२.१ आणि गंधक १६.१, म्हणजे दोन्ही धातू समसमान. गॅलेनोबिस्मुटाइटमध्ये बिस्मथ शिशाच्या दुप्पट: शिसे २७.५, बिस्मथ ५५.५. लिलियानाइटमध्ये शिसे दीडपट: ५०.५ ला ३३.९. बिस्मुथिनाइटमध्ये शिसे नसतंच. अहवाल हातात आला की आधी हे एक गुणोत्तर बघा. कोसालाइटमध्ये थोडं तांबं आणि चांदी पुष्कळदा शिरलेली असते, तेव्हा गुणोत्तर किंचित हललं म्हणून लगेच नाव बदलू नका.

पण समसमान गुणोत्तर आलं तरी काम संपत नाही. एक भाग गॅलेना आणि एक भाग गॅलेनोबिस्मुटाइट बारीक मिसळले, तर त्यांची बेरीज अणूअणूने बरोबर कोसालाइटचं सूत्र देते! रासायनिक विश्लेषणाला हा फरक दिसूच शकत नाही. हा नुसता कागदावरचा धोका नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गूंगॅरी तलावाच्या भागातून ‘गूंगॅराइट’ नावाचं नवं खनिज जाहीर झालं होतं, चार शिसे, दोन बिस्मथ, सात गंधक असं सूत्र असलेलं. वाश्कोहून तसंच ‘वार्थाइट’ आलं. पुढे तपासात दोन्ही ठिकाणी कोसालाइट आणि गॅलेना यांचं मिश्रण निघालं आणि ती नावं खनिजांच्या यादीतून गेली. बल्गेरियातलं ‘बोंचेव्हाइट’सुद्धा असंच गॅलेनोबिस्मुटाइट आणि कोसालाइट यांचं मिश्रण ठरलं. प्रशिक्षित तज्ज्ञांना चकवणारं हे कूळ आहे, तेव्हा एका आकड्यावर विसंबू नये.

म्हणून रासायनिक प्रमाणाबरोबर एक्स-रे विवर्तन हवं. त्यातून अणूंची मांडणी कळते आणि मिश्रण असेल तर दोन खनिजांच्या रेषा वेगवेगळ्या दिसतात. शिवाय सूक्ष्मदर्शकाचं परत उसळलेल्या इलेक्ट्रॉनचं चित्र मागा. त्यात जड अणू जास्त असलेला भाग उजळ येतो, आणि एकसंध वाटणारी सुई आतून पट्ट्यापट्ट्यांची असेल तर तिथे उघड होते. पवईच्या आयआयटीतल्या उपकरण केंद्रासारख्या ठिकाणी शुल्क भरून बाहेरच्यांचे नमुनेही तपासले जातात. नाशिकहून हे काम एखाद्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागामार्फत केलं तर सोपं जातं, कारण नमुना कसा तयार करायचा हे त्यांना कळतं. नमुना द्यायचा तो मागच्या बाजूचा गळालेला कण. समोरची उभी सुई कधीही तोडू नका. बारीक कण पुरतो.

झिओलाइटसारखं धुणं

आपल्याकडे खाणीतून आलेला माल आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली, मग लोहाचे डाग काढायला ऑक्झॅलिक आम्लात आणि कधी कधी आणखी तीव्र आम्लात जातो. कोसालाइटला यातलं काहीच चालत नाही. नायट्रिक आम्लात तर ते विरघळतं आणि शिशाच्या सल्फेटचा पांढरा साका उरतो. ब्लीच नको, ध्वनिलहरींनी हलवणारं स्वच्छतायंत्र नको, कोरडा ब्रशही नको. धूळ मऊ रबरी फुग्याने उडवा आणि ती नाकात जाणार नाही असं बघा, कारण त्यात शिसे असतं. खडा हाताळल्यावर साबणाने हात धुवा. लहान मुलांच्या हाती देऊ नका.

व्हल्कानोच्या नमुन्याला तर पाण्याचा थेंबही लावू नका. सोबतचे क्षार विरघळतात आणि त्यांच्यावर टेकलेल्या पात्या सुट्ट्या होऊन गळून पडतात.

पावसाळ्यातली खरी काळजी कोसालाइटची नसते, त्याच्या शेजाऱ्याची असते. खड्यात पायराइट किंवा मार्कासाइट असेल तर आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत ते कुजू लागतं, पांढरट-पिवळी पूड येते आणि तयार होणारं गंधकाम्ल चिठ्ठीसकट सगळं खातं. घट्ट झाकणाची प्लॅस्टिक डबी आणि आत सिलिका जेल, एवढं पुरतं. जेलचा रंग बदलला की ती वाळवून पुन्हा ठेवा. असा खडा झिओलाइटच्या कपाटात शेजारी ठेवू नका. आम्लाची वाफ शेजारच्या कॅल्साइटलाही सोडत नाही.

चिठ्ठीवर जास्त लिहिणं, किंवा कमी लिहिणं

तपासणी झालेली नसेल तर चिठ्ठीवर ‘शिसे-बिस्मथ सल्फाइड, कोसालाइट असण्याची शक्यता, तपासलेलं नाही’ असंच लिहा. असा नमुना पुढे कोणाला देताना किंमत थोडी कमी मिळेल, ती मिळू द्या. तपासणी झाली असेल तर पद्धत, वर्ष आणि कुठला कण तपासला ते लिहा. एकाच खड्यावरच्या दोन सुया दोन वेगळ्या खनिजांच्या असू शकतात. मूळ चिठ्ठी, मग ती कितीही चुकीची वाटो, डबीतून काढू नका. तिच्यावरचं खाणीचं नाव पुढच्या अभ्यासकाला लागणार आहे.

आणि आपण बाहेर पाठवतो त्या नमुन्यांनाही हेच लागू आहे. आपल्या झिओलाइटच्या डब्यांवर कित्येकदा नुसतं ‘नाशिक, भारत’ एवढंच असतं. गाव, खाण, शक्य असेल तर पोकळी कुठल्या थरात होती तेही लिहा. आपल्याकडे खाण दोन-चार वर्षांत बुजवली जाते किंवा तिच्यावर प्लॉट पडतात, आणि मग ते ठिकाण सांगणारा कागद फक्त त्या डबीतच उरतो.